नेपल्समध्ये दाराबाहेर बूट

चारुदत्त देशकरांनी बायकोला तिसऱ्यांदा मारलं ते एका मंगळवारी, सकाळच्या दुसऱ्या चहानंतर. घाबरू नका, कागदावर. चारुदत्तराव डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहीत आणि त्या टाइप करायचं काम रमाबाईंकडे होतं. म्हणजे बाई स्वतःचाच खून एकेक अक्षर दाबून लॅपटॉपात उतरवत बसलेल्या, आणि खून करणारे गृहस्थ आतल्या खोलीतून विचारताहेत, "झालं का गं? जेवणाच्या आधी संपव."

हे गृहस्थ नवा रायपुरातल्या मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसं बाग करतात, नातवंडं सांभाळतात, यांनी इटलीतल्या नेपल्स शहरात खून करायला घेतले. नेपल्स त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पासपोर्टसुद्धा नव्हता. पण त्यांचं म्हणणं असं, की रायपुरात खून घातला तर उद्या कोणीतरी दारात उभं राहून विचारेल, "भैया, इसमें हमारे जीजाजी को क्यों डाल दिया?" नेपल्सहून कोण येतंय विचारायला!

आणि खरं सांगायचं तर अडत काहीच नव्हतं. घर पुरानी बस्तीत. सकाळी फिरायला निघालं की अरुंद गल्ल्या, या खिडकीतून त्या खिडकीत बांधलेल्या दोऱ्या, त्यावर वाळत घातलेले कपडे, खालून बोंबलत जाणारी स्कूटर. देवळाच्या जागी चर्च म्हटलं की काम झालं, घंटा दोन्हीकडे असतेच. समुद्राची तेवढी पंचाईत होती. पण तेलीबांधा तलावाला अख्खं रायपूर मरीन ड्राइव्ह म्हणतं, तेव्हा तीही सुटली. फक्त पहिल्या कादंबरीत नेपल्सच्या समुद्राला चारी बाजूंनी रेलिंग लागलं. ते रमाबाईंनी टाइप करता करता काढून टाकलं आणि कोणाला काही बोलल्या नाहीत.

त्यांचा डिटेक्टिव्ह म्हणजे नेपल्स पोलिसांचा कमिसार बेर्तोल्दी. माणूस हुशार, पण मंत्रालयात वाढलेला. खुनी समोरून पळत चाललाय आणि बेर्तोल्दी आधी वरिष्ठांकडे टिपण पाठवणार, पाठलागास मान्यता मिळावी म्हणून. पुस्तकं पुण्यात छापली जात. तिथल्या मोजक्या वाचकांना हे भारी आवडलं. इटलीतल्या नोकरशाहीवर लेखकानं काय नेमकं बोट ठेवलंय, असं एका परीक्षणात छापून आलं होतं. चारुदत्तरावांनी ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं.

तर रमाबाई. पहिल्या कादंबरीत एक आत्या मेली. ती पहाटे खोकायची, आणि खोकला थांबला की कोणीतरी विचारल्यासारखी "काही नाही, काही नाही" म्हणायची. हे रमाबाईंचं. दुसऱ्या कादंबरीत एक विधवा मेली. ती फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलायची की फोनची गरजच नव्हती. हेही रमाबाईंचंच. आणि आता ही तिसरी, सिन्योरा लुचिया. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी, मनगटात रबरबँड घालून हिंडणारी, दिवसातून दोनदा फरशी पुसणारी आणि ओल्या फरशीवर पाय पडला की भांडणारी. वर एक वाक्य होतं: "लुचिया सतत बोलत असे, ती काय बोलते याकडे कोणी लक्ष देत नसे."

त्या वाक्यापाशी रमाबाईंची बोटं थांबली. डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग उठून आत गेल्या.

"तुम्ही दर वेळी मलेच काहून मारून राहिले?"

"कोण तुले मारते?" चारुदत्तरावांनी पेपर खाली केला नाही. "काल्पनिक पात्र आहे ते. नेपल्सचं."

"नेपल्सच्या बायका मनगटात रबरबँड घालते?"

"हव, घालत असतील ना. तुले काय माहीत?"

रमाबाईंना वाईट वाटलं. चांगलंच वाटलं, लपवायचं कशाला. त्यांना मरायची हौस नव्हती आणि कादंबरीत यायचीही नव्हती. पण या माणसानं आपला खोकला ओळखला, रबरबँड ओळखले, सगळ्या सवयी इतक्या बारकाईनं टिपल्या, आणि टिपून करायचं काय, तर मारायचं? एकदा तरी जिवंतपणी विचारा की बाई, तू काय म्हणून राहिली. तेवढंच हवं होतं त्यांना. तेवढंच मिळत नव्हतं. तरी त्यांनी लुचियाला नीट मारलं, मात्रा-वेलांट्या तपासल्या आणि हस्तलिखित पुण्याला पाठवलं.

आठवडाभरात पुण्याहून फोन आला. प्रकाशनगृहात संपदा नावाची नवी संपादक आलेली. वयानं तरुण, बोलायला गोड, पण हाडाची चिकित्सक. शिवाय नुकतीच इटलीला जाऊन आलेली, हे दुर्दैव वेगळंच. फोन स्पीकरवर होता आणि रमाबाई शेंगा सोलत होत्या.

"सर, कादंबरी छान जमलीये," संपदा म्हणाली. "फक्त एक मोठी अडचण आहे. बूट."

अडचण अशी होती. लुचिया मेली त्या दुपारी शेजारणीनं दाराच्या भोकातून पाहिलं, तर लुचियाच्या दाराबाहेर पुरुषी बुटांचा एक जोड काढून ठेवलेला. थोड्या वेळानं तो गायब. सगळा तपास या बुटांवर चाललेला, आणि शेवटी ते लुचियाच्या भाच्याचे, रिकार्दोचे निघतात.

"पण सर, रिकार्दो दाराबाहेर बूट काढेल कशाला? तिकडे लोक घरात बूट घालूनच वावरतात. दाराशी कोणी काढत नाही. आणि अख्ख्या पुस्तकात हा प्रश्न एकालाही पडत नाही. बेर्तोल्दीलासुद्धा नाही!"

चारुदत्तरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग म्हणाले, "अहो मॅडम, खून करायला गेला म्हणून काय झालं? माणूस दुसऱ्याच्या घरात बूट घालून जाईल? काही संस्कार आहेत की नाही!"

संपदा हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिनं शांतपणे सांगितलं, की शेवटचं प्रकरण बदलून द्या, नाहीतर ही कादंबरी आम्हाला घेता येणार नाही. आणि आधीच्या दोन्हींचा खप पाहता यापुढच्यांचंही अवघडच आहे.

फोन ठेवल्यावर चारुदत्तराव जे भडकले म्हणता! "काल आलेली पोट्टी मले इटली शिकवते! एक मात्रा बदलणार नाही. पाठव तिले जसंच्या तसं पुन्हा. सही झालेली फाईल मी उभ्या आयुष्यात परत उघडली नाही." आणि पायात चपला सरकवून तरातरा बाहेर पडले.

रमाबाई शेंगा सोलत राहिल्या. कादंबरी परत आली तर काय होणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. निवृत्तीनंतरचे पहिले महिने त्या विसरल्या नव्हत्या. लिहायला काही नव्हतं तेव्हा या माणसानं स्वयंपाकघर चालवायला घेतलं होतं. वरणाला उशीर का झाला याचा खुलासा मागायचे. भाजीवाल्याशी बोलणी करताना मध्ये उभे राहायचे. दुपारी भिंतीकडे बघत बसायचे आणि विचारलं तर म्हणायचे, "माझ्याकडे आता कोणी येत नाही, रमा." हे शेवटचं तर बाईंच्याने ऐकवत नसे. बेर्तोल्दी आला आणि माणूस माणसात आला. म्हणजे ज्या कादंबरीत आपण मरतो तीच वाचवायची पाळी आपल्यावर. काय बाप्पा नशीब तरी!

अंधार पडायच्या आत चारुदत्तराव परतले. तोंड अजून लालबुंद. फाटक आपटलं, जिन्यावर पाय आपटले, दारात येऊन कोणाला तरी पुन्हा एकदा शिवी घातली. आणि मग थांबले. वाकले. चपला काढल्या, एकीला दुसरी जुळवून, भिंतीशी सरळ लावून ठेवल्या. फरशी नुकतीच पुसलेली होती, म्हणून भिंतीच्या कडेकडेनं, टाचा उचलून आत आले आणि आत येऊन पुन्हा ओरडायला लागले.

रमाबाई बघतच राहिल्या. अख्ख्या नेपल्समध्ये दाराशी बूट कोण काढेल, याचं उत्तर टाचा उचलून समोरून चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा झोपल्यावर त्या लॅपटॉप उघडून बसल्या. लुचियाला एक नवरा होता, सिन्योर कार्लो. लेखकानं त्याला पहिल्याच पानावर फिरतीवर पाठवलं होतं आणि नंतर त्याची आठवण ठेवली नव्हती. लॅपटॉपात एक फार सोयीचं बटण असतं, ते दाबलं आणि सगळे कार्लो एका दमात श्यामकांत झाले. श्यामकांत मूळचा रायपूरचा. तरुणपणी जहाज कंपनीच्या कचेरीत चिकटला, नेपल्समध्ये स्थायिक झाला, तिथलीच मुलगी केली. इटालियन फर्डं बोलायचा, काट्यानं खायचा, पण दारात आला की हात आपोआप बुटांकडे जायचा. मग बाईंनी शेवटचं प्रकरण नव्यानं लिहिलं. त्याला तीन दुपारी लागल्या. राग होता का? होता ना. पण लिहिता लिहिता मध्येच त्यांना हसू यायचं, आणि एकदा तर डोळे भरून आले आणि पदर लावावा लागला.

त्यांनी ते पाठवून दिलं. नवऱ्यापासून लपवलं मात्र नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. जेवताना म्हणाल्या, "मी शेवट थोडा बदलून पाठवला." चारुदत्तराव चटणी शोधत होते. म्हणाले, "हव, हव."

संपदानं कळवलं की शेवट अप्रतिम आहे. चारुदत्तराव विजयी मुद्रेनं म्हणाले, "पाहिलं? झक मारत मानलं की नाही!" पुस्तक छापून आलं. मुखपृष्ठावर नाव अर्थातच त्यांचं. त्यांनी मागचा फोटो पाहिला, कागदाचा वास घेतला, गठ्ठ्यातली एक प्रत शोकेसमध्ये उभी केली. उघडली नाही. सही झालेली फाईल.

पुस्तक आठ दिवसांत रायपुरातल्या मराठी घरांत फिरलं आणि तिथल्या मराठी मंडळानं आपल्या सभागृहात लेखकाशी गप्पांचा कार्यक्रम ठेवला. त्या दिवशी सकाळी रमाबाईंनी पोहे पुढे ठेवले आणि सांगितलं, "संध्याकाळी लोक विचारतील. एकदा वाचून घ्या." आंघोळीला जाताना पुन्हा सांगितलं. कुडत्याला इस्त्री करताना तिसऱ्यांदा सांगितलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, "हव, हव."

सभागृह भरलेलं. मुलाखत घ्यायला निधी, नवा रायपुरातल्या एका संस्थेत नोकरीला असलेली मुलगी. मराठी सगळं समजायचं, वाचायचीही, पण तोंड उघडलं की हिंदी. रमाबाई पहिल्या रांगेत, मनगटात दोन रबरबँड.

"सर," निधीनं सुरुवातच केली, "क़ातिल को सीधे अपने रायपुर का बना दिया! इतना बड़ा रिस्क कैसे लिया?"

चारुदत्तरावांच्या भुवया वर गेल्या. रायपूरचा? पण न वाचलेल्या फाईलवर उत्तर द्यायचं हीच तर त्यांची हयातभरची कमाई. घसा साफ करून ते म्हणाले, "प्रश्न महत्त्वाचा आहे. सर्व बाजूंचा साकल्यानं विचार करूनच तो निर्णय घेण्यात आला." टाळ्या पडल्या. त्यांनी हळूच पहिल्या रांगेकडे नजर टाकली. रमाबाई छताचा पंखा बघत होत्या.

"और वो हज़बंड का कॅरॅक्टर! किस पर लिखा है, सर?"

"अनेक घटक होते," चारुदत्तराव म्हणाले. आता कपाळावर घाम होता. नवरा? नवरा तर फिरतीवर होता!

"तो प्लीज़, आख़िरी पन्ना आप ही पढ़िए."

पुस्तक हातात आलं. पळायला जागा नव्हती. चारुदत्तरावांनी चष्मा लावला आणि आयुष्यात प्रथमच बायकोनं लिहिलेलं काहीतरी मोठ्यानं वाचायला घेतलं.

"'कमिसार बेर्तोल्दी म्हणाला, या शहरात लाखो माणसं राहतात. त्यातला एकही खून करायला जाताना बूट काढणार नाही. तुम्ही काढलेत, सिन्योर श्यामकांत.

"'फरशी ओली होती, श्यामकांत म्हणाला. तिनं नुकतीच पुसली होती. ओल्या फरशीवर बूट आणले की ती फार चिडते.'"

सभागृह हसलं. चारुदत्तरावही वाचता वाचता हसले. मग पुढची ओळ आली.

"'बेर्तोल्दीनं विचारलं, मरण्याआधी तुमची बायको काय म्हणाली?

"'श्यामकांत बराच वेळ आठवत राहिला. ती फरशी कधी पुसते, चष्मा कुठे विसरते, रबरबँड कोणत्या हातात घालते, खोकल्यावर काय म्हणते, सगळं त्याला पाठ होतं. शेवटी तो म्हणाला, काहीतरी म्हणाली खरी…'"

इथे वाचणं थांबलं. लोकांना वाटलं, लेखक रंगलेत. चारुदत्तराव घोटभर पाणी प्यायले आणि त्यांनी उरलेलं वाक्य अगदी हळू वाचलं.

"'…माझं लक्ष नव्हतं.'"

हसायचं की नाही हे कोणाला कळेना. मागे बसलेली एक म्हातारी नवऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाली, "ऐकलं?" मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. निधीनं डोळे टिपले. "सर, ये सूझा कैसे आपको?"

चारुदत्तरावांनी पुस्तक मिटलं. समोर बायको होती, आता पंख्याकडे न बघता सरळ त्यांच्याकडे बघत असलेली. काहीही चुकलं की घरात त्यांचं एक ठरलेलं उत्तर असायचं. तेच तोंडात आलं.

"टायपिंगची चूक आहे ती," ते म्हणाले.

सभागृह खो-खो हसलं. काय हजरजबाबी माणूस, असं लोक म्हणाले. हसले नाहीत फक्त दोघं.

परतताना दोघांनी ऑटो केला. बूढा तालाब मागे पडला तेव्हा चारुदत्तरावांनी विचारलं, "सकाळी तू काय म्हणून राहिली होती?"

"वाचून घ्या म्हणून राहिली होती. तीनदा."

"हं."

घरी आल्यावर त्यांनी बूट काढले, जुळवून ठेवले आणि शोकेसमधली प्रत काढून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते पुस्तक घेऊन गच्चीत बसले होते. जेवायला बोलावलं तर पहिल्या हाकेला आले. वरण झकास झालंय म्हणाले आणि पुन्हा वर गेले. पुढचे चार दिवस टाइप करायला एकही कागद आला नाही. रमाबाई जरा धास्तावल्याच. आपण जास्तच केलं का? माणूस आता लिहिणं सोडतो की काय, पुन्हा भिंतीकडे बघत बसतो की काय, असं त्यांच्या मनात यायचं.

पाचव्या दिवशी, सकाळच्या पहिल्या चहाच्या वेळी, चारुदत्तरावांनी एक कागद आणून त्यांच्यापुढे ठेवला. नव्या कादंबरीचं पहिलं पान. एका बाजूला टिपणाला सोडतात तसा समास सोडलेला. रमाबाईंनी डोक्यावरचा चष्मा शोधून डोळ्यांवर घेतला.

"नेपल्स," कागदावर लिहिलं होतं. "तिसऱ्या मजल्यावर, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर, एक निवृत्त अवर सचिव मरून पडले होते. त्यांच्या पायांत बूट होते."

रमाबाईंनी दोनदा वाचलं. "हे कोण?"

"काल्पनिक आहे," चारुदत्तराव म्हणाले.

"आणि मारलं कोणी याले?"

"ते मले नाही माहीत. तुले माहीत असेल. तू सांग, मी लिहून घेतो." त्यांनी खिशातून पेन काढून टोपण उघडलं.

रमाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. गॅसवर चहा उकळत होता. आधणाचा आवाज चढला तेव्हा त्यांनी उठून गॅस बारीक केला, मनगटातला रबरबँड सारखा केला आणि विचारलं, "चहा प्यायच्या आधी मारू, का नंतर?"

"नंतर," चारुदत्तराव म्हणाले, आणि खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले.